रात्र झाली, खरं

आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.
जेवलो, खरं भूक राहिली.
पगार झाला, खरं पुरला नाही.
बाहेरचा माणूस गोंधळतो,
त्याला वाटतं आम्ही सगळं शपथेवर बोलतो.

रात्र झाली, खरं झोप नाही –
एवढंच सांगायला गेलो हिरेमठ डॉक्टरीणबाईंकडं,
उद्यमबागेत अकरा वर्षं थर्ड शिफ्ट काढल्यावर.
"निद्दी बरंगिल्लेन?" त्यांनी विचारलं,
मग आडनाव वाचून मराठीत आल्या
आणि चिठ्ठीच्या पाठीवर एक डोकं काढलं,
बटाट्यासारखं.

त्यात मधोमध ठिपका.
ही गाठ, म्हणाल्या, तांदळाच्या दाण्याएवढी.
मी येळ्ळूरचा. तोंडावर आलं होतं, कुठल्या तांदळाच्या?
बासमती का सोना मसुरी?
खरं विचारलं नाही.

अंधार पडला की हा दाणा कामावर येतो.
कोठार नाही, शिल्लक नाही,
पिकेल तेवढं ओलंच रक्तात सोडतो.
मेलॅटोनिन.
म्हटलं, म्हणजे झोपेचं औषधच की आतल्या आत.
"नाही ओ. ते झोपवत नाही. नुसती दवंडी देतं,
आतड्याला, काळजाला, हातापायाच्या कातड्याला:
ऐका हो, रात्र झाली.
पुढचं ज्याचं त्यानं बघायचं."

आणि कवटीला खिडकी नसताना
त्या दाण्याला कळतं कसं?
डोळ्यातनं निरोप जातो मेंदूतल्या घड्याळाला.
तिथून दोन बोटांवर दाणा,
खरं निरोप सरळ जाईल तर शपथ.
मणक्यातनं खाली छातीपर्यंत उतरतो,
मानेत गाडी बदलतो,
मग परत वर.
येळ्ळूरवरनं मजगावला जायचं, ते खानापूर करून!
आणि डोळ्यात उजेड असला
तर ही गाडी सुटतच नाही.

माझ्या डोळ्यात काय असतं रात्री दोनला?
लॅडल कलंडते,
चौदाशे डिग्रीचं बीड
दुधासारखं साच्यात उतरतं,
आणि पापण्या मिटल्या तरी आत उतरतच राहतं.
दाणा बसलाय हात बांधून.
त्याच्या लेखी अकरा वर्षं
दुपारच आहे.

जाता जाता चेष्टेत ओमाण्णाचं सांगितलं.
माझा थोरला भाऊ.
आधी त्याला रात्रीचं दिसेना,
मग कडेचं, मग मधलं,
पस्तिशीत सगळंच गेलं.
तरी गडी नवाला पेंगतो,
कोंबडा आरवायच्या आधी म्हैस पिळून मोकळा,
आणि कट्ट्यावर उगवतीकडं तोंड करून बसतो
डोळे टक्क उघडे ठेवून,
जसं काय पेपर वाचतोय.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, डोळ्यात आणखी एका जातीच्या पेशी असतात.
त्या चित्र बघत नाहीत,
माणूस ओळखत नाहीत,
नुसता उजेड मोजतात.
त्याच्या त्या शाबूत असणार.
त्याला काळा गॉगल घालू देऊ नका.

गणपत गल्लीतनं मीच आणला होता त्याच्यासाठी,
दीडशे रुपयांचा, लोकांनी डोळे बघू नयेत म्हणून.
आता तो मी घालतो.
सकाळी सातला हूटर झाला की गेटातच चढवतो,
अंगावर भट्टीची राख, नाकावर गॉगल.
मजगावच्या चहावाल्यानं नाव ठेवलंय, हिरो.
मलप्रभेनं खिडकीला
भाताच्या गंजीवरचं काळं प्लास्टिक ठोकलंय,
दुपारी वाऱ्यानं ते फडफडतं
आणि मी जागा होतो,
खरं पूर्वीपेक्षा तासभर उशिरा.

कट्ट्यावर ओमाण्णा माझी गाडी ओळखतो.
उजेडाकडचं तोंड न वळवता म्हणतो,
"उजाडलंय बघ."
मी गॉगल काढत नाही.
"उजाडलंय," म्हणतो, "खरं..."
तो पुढचं ऐकायला थांबतो.